वाचकांचे प्रश्न : गणपतीची गर्दी आणि रेल्वेचा लांबचा प्रवास

या सदरासाठी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे या वेळी एकाच विषयावर आहेत. सणासुदीला गावी जायचे आहे, तिकीट मिळत नाही आणि मिळाले तरी डब्यात पाय ठेवायला जागा नसते, अशी ती तक्रार आहे. यंदा गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी आली आहे. शनिवार आणि रविवार तिला जोडून आल्यामुळे मुंबईहून कोकणाकडे जाणाऱ्या गाड्यांवर ११ सप्टेंबरच्या शुक्रवारी रात्रीपासूनच चाकरमान्यांचा भार पडणार, हे उघड आहे. म्हणून हा संपूर्ण भाग याच विषयाला दिला आहे. गर्दीच्या प्रवासात डब्यात शिरल्यानंतर आपल्या हातात फार थोडे उरते आणि प्रवासाचा दिवस, गाडी व स्थानक ठरवताना पुष्कळ काही हातात असते, असे माझे मत आहे. त्यामुळे पहिल्या उत्तराला मी अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : आम्ही घरचे सहा जण दरवर्षी गणपतीला कणकवलीला जातो. गेल्या वर्षी आरक्षण खुले होण्याच्या दिवशी सकाळी आठ वाजता मोबाइल घेऊन बसलो होतो, तरी पाहता पाहता प्रतीक्षा यादी शेकड्यांत गेली. शेवटी ओळखीच्या दलालाकडून जास्त पैसे देऊन तिकिटे घ्यावी लागली. सरळ मार्गाने तिकीट मिळण्याचा काही उपाय आहे का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : उपाय आहे, मात्र त्याची तयारी आरक्षणाच्या दिवशी सकाळी सुरू करून चालत नाही. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली आहे आणि या साठ दिवसांत प्रवासाचा दिवस धरला जात नाही. या हिशोबाने ११ सप्टेंबरच्या गाडीचे आरक्षण १३ जुलैला आणि १२ सप्टेंबरच्या गाडीचे १४ जुलैला सकाळी आठ वाजता खुले होते. हे गणित घरातल्या एका माणसाने कॅलेंडरवर मांडून ठेवावे, आणि जाण्याच्या तारखेबरोबर परतीची तारीखही त्याच वेळी मांडावी, कारण जाण्याच्या तिकिटाच्या धांदलीत परतीचे आरक्षण कधी खुले झाले याकडे अनेक घरांचे दुर्लक्ष होते आणि गौरी-गणपतीच्या विसर्जनानंतर मुंबईकडे येणाऱ्या गाड्यांत अधिक हाल होतात.

रात्रीच्या गाड्यांच्या बाबतीत तारखेचा एक घोळ दरवर्षी होतो, तो येथे स्पष्ट करतो. तुतारी एक्स्प्रेस दादरहून रात्री बारा वाजून पाच मिनिटांनी सुटते. तिच्या तिकिटावर १२ सप्टेंबर ही तारीख असेल, तर आपण ११ तारखेच्या रात्री जेवण उरकून स्थानकावर हजर असले पाहिजे. १२ तारखेच्या रात्री तेथे पोहोचणाऱ्या कुटुंबाची गाडी आदल्याच रात्री निघून गेलेली असते. याउलट कोकणकन्या मुंबईहून रात्री अकराच्या सुमारास सुटते आणि पनवेलला मध्यरात्रीनंतर येते. त्यामुळे पनवेलहून चढणाऱ्याच्या तिकिटावर पुढची तारीख पडते, परंतु आरक्षणाचे साठ दिवस गाडी आपल्या मूळ स्थानकावरून ज्या तारखेला सुटते त्या तारखेपासून मोजले जातात. पनवेलकरांनी हे ध्यानात न घेतल्यास ते आरक्षणाला एक दिवस उशिरा पोहोचतात, आणि गणपतीच्या दिवसांत तेवढ्या उशिराने आशाच संपते.

आरक्षणाच्या आधीच्या आठवड्यात आणखी दोन कामे पूर्ण करावीत. पहिले काम आपले आयआरसीटीसीचे खाते आधारशी जोडून त्याची पडताळणी करून घेण्याचे आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून आरक्षण खुले झाल्यानंतरची सुरुवातीची वेळ आधार पडताळणी झालेल्या खात्यांसाठीच राखून ठेवलेली आहे, आणि गणपतीच्या गाड्यांचे भवितव्य त्याच वेळेत ठरते. दुसरे काम प्रवाशांची नावे, वये आणि ओळखपत्रांचा तपशील खात्यातल्या यादीत आधीच भरून ठेवण्याचे आहे. आठ वाजता सहा जणांची नावे टंकत बसणाऱ्याला गाडी मिळणे अवघड असते. एका तिकिटावर सहा जण बसू शकतात हे खरे, पण सहा जागा एकत्र मागण्यापेक्षा घरातल्या दोघांनी आपापल्या खात्यांवरून तीन-तीन जणांची तिकिटे काढावीत, असे मी सुचवीन. शेवटच्या थोड्या जागा उरलेल्या असताना लहान मागणी लवकर पूर्ण होते, आणि एक तिकीट अडकले तरी निम्मे घर तरी निश्चित होते.

आता गाडी आणि स्थानक यांच्याविषयी. कणकवलीला जाण्यासाठी सर्वांचा ओढा कोकणकन्या आणि तुतारी या रात्रीच्या गाड्यांकडे असतो, कारण त्यात सुट्टीचा दिवस वाचतो. मांडवी, जनशताब्दी आणि वंदे भारत या दिवसाच्या गाड्याही कणकवलीला थांबतात. पावसाळी वेळापत्रकात वंदे भारत आठवड्यातून मोजकेच दिवस धावते, म्हणून तिचे वार आधी पाहून घ्यावेत. लहान मुले आणि वयस्कर माणसे बरोबर असताना बसून केलेला दिवसाचा प्रवास गर्दीच्या रात्रीपेक्षा कितीतरी बरा, असे माझे ठाम मत आहे. दिवसा डब्यात कोण शिरले ते दिसते, उतरण्याचे स्थानक चुकत नाही आणि मध्यरात्री आपला बर्थ मोकळा करून घेण्याचा प्रसंग येत नाही.

प्रतीक्षा यादीतही फरक असतो. गाडीच्या मूळ स्थानकावरून काढलेल्या तिकिटांची सर्वसाधारण प्रतीक्षा यादी वेगळी असते, आणि मधल्या स्थानकांच्या लहान कोट्यांच्या याद्या वेगळ्या असतात. या लहान याद्या क्वचितच पुढे सरकतात. म्हणून प्रतीक्षा यादीचा आकडा पाहताना त्याच्या आधी लिहिलेली, यादी कोणती ते सांगणारी अक्षरेही पाहावीत. सर्वसाधारण यादीतल्या चाळिसाव्या क्रमांकाला जी आशा असते, ती लहान कोट्यातल्या दहाव्या क्रमांकाला असतेच असे नाही. तिकीट मूळ स्थानकावरून काढावे आणि चढण्याचे स्थानक ठाणे किंवा पनवेल असे बदलून घ्यावे, हा मार्ग नियमात बसणारा आहे. मात्र एकदा तो बदल केला की मूळ स्थानकावरून चढण्याचा हक्क राहत नाही. जागा मिळावी म्हणून तिकीट मडगावपर्यंतचे काढून कणकवलीला उतरणारेही पुष्कळ आहेत. नियमाने त्यात गुन्हा नाही. परंतु कणकवलीपासून मडगावपर्यंत तो बर्थ रिकामा जातो आणि सावंतवाडीचे किंवा गोव्याचे एखादे कुटुंब प्रतीक्षा यादीतच राहते. दुसरा काहीच मार्ग उरला नसेल तेव्हाच तसे करावे, असे मला वाटते.

नियमित गाड्या भरल्या म्हणून आशा सोडण्याचे कारण नाही. २०२५ च्या गणेशोत्सवासाठी रेल्वेने ३८० विशेष फेऱ्या जाहीर केल्या होत्या. विशेष गाड्यांचे क्रमांक शून्याने सुरू होतात, त्यांचे भाडे बहुधा जास्त असते आणि त्यांचे आरक्षण वेगळ्या दिवशी खुले होते. ही तारीख वर्तमानपत्रात अगदी लहानशी छापून येते, म्हणून तिच्यावर लक्ष ठेवावे लागते. या गाड्या उशिरा धावतात ही तक्रार खरी आहे आणि तिचे कारण मार्गात आहे. रोह्यापासून ठोकूरपर्यंतचा सुमारे ७४१ किलोमीटरचा कोकण रेल्वेचा मार्ग रोहा ते वीर हा भाग सोडल्यास एकेरी आहे. समोरून येणाऱ्या गाडीला वाट देण्यासाठी कोणाला तरी थांबावेच लागते, आणि बहुतेक वेळा थांबते ती विशेष गाडी. त्यातच पावसाळ्यात वेगमर्यादा असते. विशेष गाडीने जाणाऱ्यांनी पोहोचण्याची वेळ दोन-तीन तास पुढे धरूनच गावच्या रिक्षाची व्यवस्था करावी. या गाड्यांची घोषणा नियमित आरक्षण खुले होण्याच्या आधी झाली, तर आठ वाजताची निम्मी झुंबड कमी होईल. ही मागणी प्रवासी संघटनांनी लावून धरली पाहिजे.

दलालाविषयी मात्र स्पष्ट सांगतो, तेथे जाऊ नये. तिकिटांचा बेकायदेशीर व्यापार हा रेल्वे कायद्याच्या कलम १४३ खाली गुन्हा आहे. त्याशिवाय दलालाकडचे तिकीट कित्येकदा भलत्याच्याच नावावर असते. तपासनिसाने ओळखपत्र मागितले की ते तिकीट घेऊन बसलेला प्रवासी विनातिकीट ठरतो आणि दंड त्यालाच भरावा लागतो. अधिकृत तिकीट घरातल्याच दुसऱ्या माणसाच्या नावावर करायचे असेल, तर आईवडील, भावंडे, मुले किंवा पती-पत्नी यांच्यापैकी कोणाच्या नावावर गाडी सुटण्याच्या २४ तास आधीपर्यंत आरक्षण कार्यालयात अर्ज देऊन आणि नात्याचा पुरावा दाखवून ते करता येते. ही सोय फार थोड्या लोकांना माहीत आहे.

प्रश्न : माझी आई बहात्तर वर्षांची आहे आणि तिचे गुडघे दुखतात. मी तिच्यासह एकाच तिकिटावर आरक्षण केले, तर तिला वरचा बर्थ आला. ज्येष्ठ नागरिकांना खालचा बर्थ मिळतो असे ऐकले होते. आमचे काय चुकले? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : वय भरले म्हणून खालचा बर्थ आपोआप मिळतोच असे नाही. त्यासाठी वेगळा कोटा आहे आणि तो तिकीट काढताना निवडावा लागतो. साठ वर्षांवरील पुरुष, पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रिया आणि गर्भवती स्त्रिया या कोट्यात बसतात. प्रत्येक स्लीपर डब्यात असे सहा-सात बर्थ आणि थर्ड एसीच्या प्रत्येक डब्यात चार-पाच बर्थ राखलेले असतात. अट अशी की प्रवासी एकटा असावा किंवा त्या तिकिटावर फार तर दोनच जण असावेत आणि दोघेही या कोट्यात बसणारे असावेत. आपण तरुण असून आईबरोबर एकाच तिकिटावर आलात, म्हणून आईचा कोट्यातला हक्क गेला.

आईचे तिकीट त्या कोट्यातून एकटीचे काढावे आणि आपले तिकीट त्याच गाडीचे सर्वसाधारण कोट्यातून काढावे. डबे वेगळे येण्याची शक्यता असते, परंतु आईला खालचा बर्थ मिळणे महत्त्वाचे असल्यामुळे तेवढी गैरसोय पत्करावी. डब्यात गेल्यावर आपला बर्थ आईच्या शेजारच्या प्रवाशाला देऊ करता येतो, आणि आपल्याकडचा बर्थ त्याच्याइतकाच किंवा त्याहून चांगला असेल तर बहुधा कोणी नाही म्हणत नाही. अदलाबदलीची विनंती करताना समोरचा प्रवासी तरुण आहे म्हणून त्याने उठलेच पाहिजे अशा सुरात बोलू नये. त्यानेही साठ दिवस आधी जागून तिकीट काढलेले असते.

हाती आलेले तिकीट वरच्या बर्थचेच असेल, तरीही मार्ग बंद होत नाही. चार्ट, म्हणजे कोणाला कोणता बर्थ मिळाला याची अंतिम यादी, लागल्यानंतर खालचा एखादा बर्थ रिकामा राहिला, तर वरचा किंवा मधला बर्थ मिळालेल्या ज्येष्ठ नागरिकाला, दिव्यांगाला किंवा गर्भवती स्त्रीला तो देण्याचा अधिकार तपासनिसाला आहे. म्हणून गाडी सुटताच, तपासनीस यादी घेऊन डब्यात येतो त्या पहिल्या फेरीतच, त्याच्याकडे आईचे वय सांगून विनंती करावी. आरएसीच्या, म्हणजे अर्ध्याच बर्थवर बसायला जागा देणाऱ्या, तिकिटावर मात्र वृद्ध माणसाला रात्रीचा प्रवास करायला लावू नये. एका साइड लोअर बर्थवर दोन अनोळखी प्रवासी रात्रभर बसून राहतात, आणि दुखऱ्या गुडघ्यांना ती बैठक सोसत नाही. भाड्यातली ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, तिचा हिशोब मनात धरू नये.

आईला मधुमेह असल्याचेही आपण पत्रात लिहिले आहे. औषधे वरच्या रॅकवरच्या बॅगेत न ठेवता तिच्या उशाशी ठेवावीत. गर्दीच्या रात्री मार्गिकेत माणसे झोपलेली असतात आणि स्वच्छतागृहापर्यंत जाणेच एक मोठे काम होऊन बसते. त्यामुळे वृद्ध माणसे पाणी पिणे टाळतात आणि सकाळी चक्कर येऊन पडतात. असे होऊ देऊ नये. दर दोन तासांनी आपण स्वतः वाट मोकळी करून तिला घेऊन जावे. हे काम मुलाचेच आहे, ते शेजारच्या प्रवाशांवर सोडू नये.

प्रश्न : आमचा बर्थ निश्चित होता, तरी पनवेलला डब्यात शिरल्यावर त्यावर चार जण बसलेले होते. उठायला सांगितल्यावर त्यांनी भांडण काढले आणि तपासनीस रात्रभर फिरकला नाही. अशा वेळी नेमके काय करावे? (एक वाचक, पनवेल)

उत्तर : १ मे २०२५ पासून प्रतीक्षा यादीतल्या तिकिटावर स्लीपर किंवा वातानुकूलित डब्यात प्रवास करता येत नाही. ऑनलाइन काढलेले तिकीट चार्ट लागेपर्यंत प्रतीक्षेतच राहिले तर ते आपोआप रद्द होऊन पैसे परत येतात, आणि खिडकीवरून काढलेल्या अशा तिकिटावर फार तर जनरल डब्यातून जाता येते. म्हणजे आपल्या बर्थवर बसलेल्या चौघांना तेथे बसण्याचा कोणताही हक्क नव्हता. चार्टही आता पूर्वीसारखा केवळ चार तास आधी लागत नाही, बराच आधी लागतो. त्यामुळे तिकीट निश्चित झाले की नाही हे कळायला प्रत्येकाला वेळ मिळतो.

हक्क असूनही भांडणाने बर्थ मिळत नाही, हेही तितकेच खरे आहे. गर्दीत चिडलेल्या माणसांपुढे आवाज चढवला की डब्यातली बाकीची माणसे कोणत्या बाजूला उभी राहतील ते सांगता येत नाही. तिकीट मोबाइलवर उघडून दाखवावे, बर्थचा क्रमांक शांतपणे सांगावा आणि “रात्रीचे दहा वाजले आहेत, आम्हांला झोपायचे आहे, आपण सामान उचलावे” एवढेच बोलावे. रात्री दहा ते सकाळी सहा ही झोपण्याची वेळ नियमाने ठरलेली आहे. मधला बर्थही याच वेळेत लावता येतो आणि त्याला खालचा प्रवासी हरकत घेऊ शकत नाही. एवढ्यावरही कोणी उठले नाही, तर आपण उभे राहून १३९ या क्रमांकावर फोन करावा किंवा रेल मदद या अॅपवर पीएनआर, डब्याचा क्रमांक आणि बर्थचा क्रमांक देऊन तक्रार नोंदवावी. तक्रारीत पुढच्या थांब्याचे नाव अवश्य लिहावे, कारण त्या स्थानकावरच्या रेल्वे सुरक्षा दलाला निरोप त्या तक्रारीवरूनच जातो. पनवेलनंतर मार्ग डोंगरात शिरतो आणि बोगद्यांत मोबाइलला रेंज राहत नाही, म्हणून तक्रार पनवेल सुटता सुटताच करावी. याच कारणाने तिकिटाचे चित्रही मोबाइलमध्ये आधी साठवून ठेवावे, आणि प्रवाशांपैकी एकाचे तरी मूळ ओळखपत्र किंवा डिजिलॉकरमधले आधार जवळ असावे.

आपल्या पत्राच्या शेवटी आपण विचारले आहे की, तान्हे मूल घेतलेली एखादी स्त्री पायाशी बसली तर तिलाही उठवावे काय. मला तसे वाटत नाही. दिवसाच्या वेळी तिला थोडी जागा द्यावी, आणि तपासनीस आल्यावर तिला कोठे नीट बसता येईल याची चौकशी आपणच त्याच्याकडे करावी. जो दंडेली करतो त्याच्याविरुद्ध नियमाचा आधार घ्यावा आणि जो अडलेला आहे त्याला सरकून जागा द्यावी, हे दोन्ही एकाच प्रवासात करता येते.

प्रश्न : आरक्षण मिळाले नाही तर दिव्याहून सावंतवाडीच्या पॅसेंजरने जनरल डब्यातून जाण्याचा विचार आहे. बरोबर चार आणि सात वर्षांची दोन मुले असतील. हे शक्य आहे का? (एक वाचक, मुंब्रा)

उत्तर : चतुर्थीच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत दोन लहान मुलांना घेऊन हा प्रवास करू नये, असा माझा कळकळीचा सल्ला आहे. दिव्याला गाडी फलाटाला लागण्यापूर्वीच माणसे धावत्या डब्यांना लटकतात, काही जण आत शिरताच दारे आतून लावून घेतात आणि मागून येणारा जमाव बंद दारावर रेटत राहतो. त्या रेट्यात चार वर्षांच्या मुलाचे डोके मोठ्या माणसांच्या कंबरेच्या उंचीवर असते, आणि ते दाबले गेले तरी वरून कोणालाही दिसत नाही. वांद्रे टर्मिनसवर २७ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे दिवाळीसाठी गावी निघालेले प्रवासी गोरखपूरच्या अनारक्षित गाडीत चढत असताना चेंगराचेंगरी झाली आणि नऊ जण जखमी झाले. गाडी फलाटावर पूर्ण थांबण्याआधीच लोकांनी तिच्याकडे धाव घेतली होती. असा प्रसंग दिव्याला घडणारच नाही, असे कोणी म्हणू शकत नाही.

आपल्याला एसटी अधिक सोयीची ठरेल. गणपतीसाठी मुंबई आणि ठाणे विभागांतून कोकणात जादा गाड्या सोडल्या जातात, आणि एका वाडीतली किंवा एका चाळीतली माणसे एकत्र आली तर गट आरक्षणाने संपूर्ण गाडी गावापर्यंत मिळते. मार्च २०२३ पासून स्त्रियांना एसटीत निम्मे भाडे आहे. पासष्ट ते पंचाहत्तर या वयातल्या ज्येष्ठांनाही निम्मे भाडे आहे, आणि पंचाहत्तरीच्या पुढच्यांचा प्रवास विनामूल्य आहे. मुंबई-गोवा महामार्गाची अवस्था आपण सर्व जण जाणतो आणि प्रवासाला वेळ लागेल हे मी नाकारत नाही, परंतु मुलांना बसायला जागा असेल आणि गाडी वाटेत थांबेल.

रेल्वेनेच जायचे ठरले, तर चतुर्थीच्या चार-पाच दिवस आधी मुलांना घेऊन एकाने पुढे जावे आणि दुसऱ्याने नंतर एकट्याने यावे. शाळेची दोन दिवसांची सुट्टी जाईल, ती जाऊ द्यावी. दोनशे किलोमीटरपेक्षा लांबचे अनारक्षित तिकीट तीन दिवस आधीपर्यंत काढता येते, म्हणून त्या सकाळी तिकिटाच्या रांगेत उभे राहण्याची गरज नाही. मुलाच्या खिशात आपले नाव आणि दोन फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी. कोणी मागे राहिले म्हणून साखळी ओढण्याचा मोह होतो. अशा वेळी पुढच्या थांब्यावर उतरून वाट पाहावी आणि १३९ वर कळवावे. धावपळीत साखळी ओढल्याने गाडी आडमार्गावर थांबते, आणि एकेरी मार्गावर मागच्या सर्व गाड्या खोळंबतात.

प्रश्न : मी पुण्यात शिकतो, घर वर्ध्याला आहे. परीक्षेच्या तारखा उशिरा कळत असल्यामुळे दिवाळीचे आरक्षण वेळेवर करता येत नाही. तत्काळवर अवलंबून राहावे का? (एक विद्यार्थी, पुणे)

उत्तर : तत्काळ हा एकमेव आधार धरू नये. गाडी मूळ स्थानकावरून सुटण्याच्या आदल्या दिवशी वातानुकूलित वर्गांचे तत्काळ सकाळी दहा वाजता आणि स्लीपरचे अकरा वाजता खुले होते, आणि जुलै २०२५ पासून त्यासाठी आधार पडताळणी सक्तीची आहे. दिवाळीच्या आठवड्यात त्या जागा काही मिनिटांत संपतात, आणि निश्चित झालेले तत्काळ तिकीट रद्द केल्यास पैसे परत मिळत नाहीत.

यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. परीक्षेच्या संभाव्य तारखा धरून दोन वेगवेगळ्या दिवसांची साधी आरक्षणे करावीत आणि तारीख पक्की होताच नको असलेले लगेच रद्द करावे. त्यात थोडे पैसे कापले जातात, पण तत्काळपेक्षा हा व्यवहार स्वस्त पडतो. नको असलेले तिकीट शेवटच्या दिवसापर्यंत अडवून ठेवू नये, कारण त्या प्रतीक्षा यादीत आपल्यासारखाच दुसरा एखादा विद्यार्थी असतो. पुण्याहून थेट गाड्या भरल्या असतील, तर कल्याणपर्यंत येऊन मुंबईहून नागपूरकडे जाणाऱ्या सेवाग्राम किंवा विदर्भ एक्स्प्रेसमध्ये जागा पाहावी. खाजगी बसने जाण्याची वेळ आली, तर त्या बसचे भाडे एसटीच्या तशाच गाडीच्या भाड्याच्या दीडपटीहून जास्त असू नये, असा राज्य शासनाचा एप्रिल २०१८ चा निर्णय आहे. जास्त पैसे घेतल्यास तिकिटाची प्रत जोडून प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे तक्रार करावी. दिवाळीत ही तक्रार फार थोडे लोक करतात, आणि म्हणूनच तिप्पट भाडे घेण्याचे धाडस होते.

प्रश्न : सामान आणि खाणे किती न्यावे? रत्नागिरीला गाडी थोडाच वेळ थांबते आणि गर्दीतून उतरताना दरवर्षी काहीतरी डब्यात राहून जाते. (एक वाचक, घाटकोपर)

उत्तर : स्लीपर आणि थर्ड एसीमध्ये माणशी ४० किलो सामान विनामूल्य नेता येते, परंतु गणपतीच्या गाडीत मर्यादा वजनापेक्षा हातांची असते. जितके हात तितक्याच पिशव्या असाव्यात, आणि कोणाची पिशवी कोणती ते घरातून निघतानाच ठरलेले असावे. आरास, मखर आणि पंखे यांची खोकी आधीच एसटीच्या किंवा खाजगी पार्सलने गावी पाठवावीत. खाण्यासाठी दुधात भिजवलेल्या दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लसणीची सुकी चटणी न्यावी. ओल्या नारळाची चटणी भाद्रपदातल्या दमट हवेत चार तासांत आंबते. गर्दीत पँट्रीचा माणूस डब्यापर्यंत पोहोचेल असे धरून चालू नये, आणि पाणी माणशी दोन लिटर तरी जवळ ठेवावे.

उतरण्याची तयारी कधी करावी, हे रत्नागिरीला जाणाऱ्यांसाठी ठरवणे सोपे आहे. स्थानकाच्या अलीकडे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो. गाडी त्यात शिरली की वरच्या रॅकवरचे सामान खाली घ्यावे, पिशव्या मोजाव्यात आणि मुलांना चपला घालाव्यात. बोगदा संपला की दाराकडे सरकायला सुरुवात करावी. एका मोठ्या माणसाने पुढे राहून वाट मागावी, मधे मुले आणि वृद्ध असावेत, आणि शेवटच्या माणसाने बर्थखाली वाकून पाहिल्याशिवाय जागा सोडू नये.